फुकेतच्या बंगल्यात दोन आणे

परदेशातल्या सुट्टीच्या बंगल्यात हिस्सा घ्यावा का, हे विचारायला जालन्यात मला कोणी सापडलं नाही. दुबईत फ्लॅट घेतलेले ओळखीत आहेत, आणि टाइमशेअरचं कार्ड कपाटात पडून असलेले तर ढिगाने आहेत. पण आठ जणांनी मिळून थायलंडात एक बंगला घ्यायचा, हा प्रकार आमच्या सीएंनाही नवा होता आणि बँकेलाही. त्यामुळे जानेवारी ते सप्टेंबर २०२५ या काळात आम्ही कोणाला काय विचारलं, कुठे अडलो आणि किती खर्च झाला, ते क्रमाने लिहून ठेवते आहे. ज्यांच्या डोक्यात असा विचार घोळत असेल त्यांना निदान सुरुवात कुठून करायची ते कळेल.

पैसा कुठून आला ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं उगाच श्रीमंती वाटेल. सासरची कोरडवाहू जमीन समृद्धी महामार्गात गेली. मोबदला आला, भावाभावांत वाटला गेला, आमच्या वाट्याचा एका नागरी बँकेत एफडी करून ठेवला. माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, नवऱ्याचं बियाण्यांचं दुकान. मधल्या काळात बीड-जालना भागात मल्टिस्टेट सोसायट्यांत ठेवी अडकलेल्या लोकांचे हाल बघितले. आमचे पैसे तिथे नव्हते, तरी झोप उडाली. 'कुठेतरी नीट गुंतवू या' हे वाक्य घरात रोज व्हायला लागलं. नेमकं त्याच वेळी, जानेवारीत, संभाजीनगरच्या एका मोठ्या हॉटेलात परदेशी प्रॉपर्टीचं प्रदर्शन भरलं आणि आम्ही गेलो.

दुबईच्या स्टॉलवर गर्दी होती. आम्ही मात्र थायलंडातल्या फुकेत बेटाच्या स्टॉलवर थांबलो, कारण तिथे रिकाम्या खुर्च्या होत्या. तीन बेडरूमचा बंगला, स्वतःचा पोहण्याचा तलाव, बांग ताओ किनाऱ्यापासून गाडीने दहा मिनिटं. आठ मालक, प्रत्येकाला वर्षाला सहा आठवडे. एका हिश्श्याची किंमत ६५,००० डॉलर. तेव्हाच्या भावाने साधारण ५६ लाख. वर्षाचा देखभाल खर्च ३,२०० डॉलर वेगळा. न वापरलेले आठवडे कंपनीच भाड्याने देणार आणि भाडं आपल्याला मिळणार. ब्रोशरवर ठळक अक्षरांत '९० वर्षे' छापलेलं होतं.

तिथल्या मुलाने एक वाक्य फेकलं, "मॅडम, आता तर सेबीनेही फ्रॅक्शनलला मान्यता दिली आहे." फ्रॅक्शनल म्हणजे अशी हिश्श्याहिश्श्याने मालकी. घरी येऊन शोधलं. सेबीने मार्च २०२४ मध्ये लहान आणि मध्यम रीटचे, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून इमारतींत गुंतवणाऱ्या योजनांचे, नियम आणले हे खरं आहे. पण त्यात किमान गुंतवणूक १० लाखांची, योजना ५० ते ५०० कोटींची, आणि पैसा लागतो तो भाडं देणाऱ्या तयार इमारतींत. थायलंडातल्या सुट्टीच्या बंगल्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्या मुलाचा दोष असेल असं नाही, त्याला जे पाठ करायला दिलं ते त्याने म्हटलं. पण तेव्हापासून प्रत्येक वाक्य घरी येऊन तपासायची सवय लागली.

१ फेब्रुवारीला बजेट आलं. त्या आठवड्यात कंपनीचे फोन सुरू झाले: "३१ मार्चच्या आत पैसे पाठवा, मग दर वाढणार." आम्ही सीएंकडे गेलो. त्यांनी आकडे मांडून दाखवले ते इथे देते, कारण हा भाग कोणी नीट सांगत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत भारतात राहणारा माणूस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकतो, आणि त्यातून परदेशात घरही घेता येतं. म्हणजे ६५,००० डॉलर पाठवायला मर्यादेची अडचण नाही. अडचण टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते त्या कराची. शिक्षण आणि औषधोपचार सोडून इतर कारणांसाठी ठराविक रकमेच्या वर बँक २० टक्के टीसीएस कापते. ही रक्कम तेव्हा वर्षाला ७ लाख होती, बजेटने १ एप्रिल २०२५ पासून १० लाख केली. हिशोब माणशी, म्हणजे पॅनकार्डागणिक होतो. एकट्याच्या नावाने ५५ लाख ९० हजार पाठवले तर १० लाखांच्या वरच्या रकमेवर ९ लाख १८ हजार टीसीएस. नवराबायकोने निम्मे निम्मे पाठवले तर दोघांचे मिळून ७ लाख १८ हजार. तेच मार्चमध्ये पाठवले असते तर ८ लाख ३८ हजार गेले असते. म्हणजे मार्चची घाई त्यांची होती, फायदा आमचा नव्हता.

टीसीएस हा खर्च नाही, तो रिटर्नमध्ये आपल्या करातून वळता होतो किंवा परत मिळतो. आगाऊ कर भरणाऱ्यांना त्यात धरता येतो. पण तोपर्यंत सात लाख हातात नसतात, आणि बंगल्याच्या किमतीच्या वर तेवढी रोकड तयार ठेवावी लागते. त्यासाठी कर्जही काढता येत नाही, कारण अशा भांडवली कामासाठी बाहेर पाठवायच्या पैशावर बँकांनी कर्ज देऊ नये असा नियम आहे. आणखी एक: निम्मे निम्मे पाठवायचे तर मालमत्तेत दोघांचीही नावं लागतात. सहमालक नसलेल्या नातेवाइकाची मर्यादा घराच्या खरेदीला जोडता येत नाही. माझा भाऊ 'माझ्या नावाने पाठव' म्हणाला होता. प्रेमाने म्हणाला, पण चालत नाही.

सीएंनी त्या दिवशी आणखी एक विचारलं, "नावावर नेमकं काय येणार आहे?" आम्ही म्हटलं, बंगल्याचा आठवा हिस्सा. "खरेदीखत होणार की शेअर मिळणार की नुसता वापरायचा हक्क?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. ब्रोशरमध्ये ते कुठेच नव्हतं.

त्याच रविवारी गावाकडे गेलो होतो. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, मोबाईलवर फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळे फोटो नीट बघितले, तलाव मोठा करून बघितला, आणि म्हणाले, "आठ जणांत म्हंजी दोन आणे हिस्सा. सातबारा कोणाच्या नावावर हाय? मोटर जळाली तर पैसे कोण भरतंय? आन् पाळी कोण लावतंय?"

आमची विहीर भावकीत सामाईक आहे. त्यात आमचा हिस्सा चार आणे. एका घराने मोटर दुरुस्तीचे पैसे गेल्या तीन वर्षांत दिलेले नाहीत आणि त्यांची पाण्याची पाळी मात्र व्यवस्थित चालू आहे. दिवसा लाईट असलेली पाळी कोणाला मिळते यावरून दोन घरांत दोन पिढ्या बोलणं बंद आहे. हे सगळं माहीत असूनही, गुळगुळीत कागदावर छापलेलं बघितल्यावर आम्हाला एकही प्रश्न सुचला नव्हता. मी आबांचे तीन प्रश्न डायरीत उतरवून घेतले. पुढे फुकेतच्या वकिलाला पाठवलेल्या पहिल्या मेलमध्येही तेच तीन प्रश्न होते, फक्त इंग्रजीत.

मार्चमध्ये कंपनीकडे कराराचा मसुदा मागितला. उत्तर आलं, २,००० डॉलर अनामत भरल्यावरच मसुदा मिळतो. अनामत परत मिळते का? मिळते. मग ते मेलवर लिहून द्या. मेल यायला दोन आठवडे गेले, पण आला: मसुदा मिळाल्यापासून ९० दिवसांत नकार कळवला तर पूर्ण रक्कम परत, ३० कामकाजाच्या दिवसांत. या एका मेलमुळे पुढे आमचे पैसे सुटले. फोनवरच्या 'हो हो, परत मिळतात' वर कोणीही एक रुपया पाठवू नये.

आता बँक. एफडी नागरी बँकेत, आणि तिथून परदेशात पैसे जात नाहीत. त्यासाठी परकीय चलनाचा परवाना असलेली बँक लागते. माझं लॅबचं चालू खातं एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे, तिथे बचत खातंही होतं. जुनं खातं असल्याचा फायदा झाला: असा भांडवली व्यवहार करायला खातं किमान वर्षभर जुनं असावं लागतं, नवीन असेल तर बँक आधीच्या बँकेचे उतारे आणि रिटर्न मागते. ज्यांना असं काही करायचं आहे त्यांनी खातं आधीच उघडून ठेवावं.

आमच्या शाखेतल्या साहेबांनी ए-टू फॉर्म, म्हणजे परदेशात पैसे पाठवायचा अर्ज, प्रिंट काढून दिला, पण त्यांनी स्वतः तो कधी भरला नव्हता. "आपल्याकडून फक्त शिकायला गेलेल्या पोरांची फी जाते," असं प्रामाणिकपणे सांगितलं. फाईल संभाजीनगरच्या शाखेत गेली. तिथून प्रश्न आला की कारणाचा कोड कोणता. परदेशातल्या स्थावर मालमत्तेसाठी एस ०००५ असतो. पण मालमत्ता नक्की कोणती, करार कुठे आहे? करार तर अनामत भरल्यावर मिळणार. कोंबडी आधी की अंडं आधी, यात एप्रिल जवळजवळ संपला. शेवटी कंपनीचा मेल, बंगल्याचा पत्ता आणि 'अनामत परत मिळण्यायोग्य आहे' असं माझं हमीपत्र जोडल्यावर पैसे गेले. १० लाखांच्या खूप खाली असल्याने टीसीएस नाही. बँकेचं कमिशन, स्विफ्टचा (बँकांच्या परदेशी संदेशयंत्रणेचा) खर्च आणि चलन बदलण्यावरचा जीएसटी मिळून काही हजार गेले. भाव मात्र विचारून घ्यावा. गुगलवर दिसणारा डॉलरचा भाव आणि बँकेने लावलेला भाव यांत रुपया-दीड रुपयाचा फरक होता. ६५,००० डॉलरवर तो फरक लाखाच्या घरात जातो.

मे महिन्याच्या सुरुवातीला मसुदा आला. एकसष्ट पानं. त्याच आठवड्यात फुकेतमधला एक वकील नक्की केला, कंपनीने सुचवलेल्या यादीतला मुद्दाम घेतला नाही. फी ३०,००० बात (थायलंडाचं चलन), म्हणजे साधारण ७६ हजार रुपये. नवरा म्हणाला, एवढे पैसे नुसते वाचायला? पण ५६ लाखांच्या सौद्यात मला ते जास्त वाटले नाहीत, आणि आता तर अजिबात वाटत नाहीत.

वकिलाने पहिलं काम केलं ते तिथल्या जमीन कार्यालयातून चानोटची प्रत काढायचं. चानोट म्हणजे थायलंडातला जमिनीच्या पूर्ण मालकीचा कागद. परदेशी माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, तोही एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांना. बंगल्याच्या बाबतीत जमीन भाडेपट्ट्याने घ्यावी लागते, आणि त्यांच्या कायद्यात घराच्या भाडेपट्ट्याची कमाल मुदत ३० वर्षं आहे. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा जमीन कार्यालयात नोंदवावा लागतो, नाहीतर तो तीन वर्षांपुरताच चालतो.

आमच्या बंगल्याचा पट्टा नोंदवलेला होता, हे चांगलं. नोंदणी २०२१ ची होती. म्हणजे २०५१ ला संपणार, हातात २६ वर्षं. ब्रोशरवरची ९० वर्षं म्हणजे ३० अधिक ३० अधिक ३०. त्यातली पुढची दोन तीसं ही जमीनमालकाने दिलेली तोंडदेखली हमी, जमिनीच्या कागदावर तिची नोंद नाही. तेव्हा मालक कोण असेल, तो तयार होईल का, किती मागेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. मुलगी आता बारा वर्षांची आहे. तिच्यासाठी ठेवून जायचं म्हणून जे आम्ही बोलत होतो, ते ती अडतीस वर्षांची झाल्यावर संपणार होतं.

दुसरी गोष्ट: पट्टा आमच्या नावावर येणार नव्हता. तो हाँगकाँगमधल्या एका कंपनीच्या नावावर होता आणि आठ हिस्सेदारांना त्या कंपनीचे शेअर मिळणार होते. सीएंनी फेब्रुवारीपासून जो प्रश्न धरून ठेवला होता त्याचं उत्तर मिळालं, आणि त्याबरोबर सगळा हिशोब फिरला. त्याकडे येतेच.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही जागा बघायला गेलो. शाळेला सुट्टी, दुकानात खरिपाची गर्दी सुरू व्हायच्या आधीचे दिवस. पहाटेची वंदे भारत पकडून मुंबई, तिथून रात्री थेट विमान. भारतीयांना थायलंडात तेव्हा व्हिसा लागत नव्हता. १ मे पासून मात्र ऑनलाइन आगमन कार्ड सक्तीचं झालं होतं, पोहोचायच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट भरपूर दिसतात, त्यांच्या नादी लागू नका.

बंगला सुंदर होता. यात काही शंका नाही. फोटोपेक्षा चांगला. नवरा तलावाकाठी बसला तो उठेना. मी भिंतींना कुठे ओल आहे का बघत फिरले, एका खोलीत होती. मुलीने बाल्कनी कोणाची यावर मनातल्या मनात निर्णय घेऊन टाकला.

पाऊस मात्र रोज. अंदमान समुद्राच्या त्या बाजूला मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ. त्या वर्षी मेमध्ये आमच्याकडेही अवकाळीने झोडपलं होतं, त्यामुळे पावसाचं कौतुक उरलं नव्हतं. एरवी टँकरच्या गावातून आलेल्या माणसाला संततधारही सुट्टीच वाटली असती. किनाऱ्यावर लाल बावटे लावलेले, पाण्यात जायला बंदी. तिथल्या व्यवस्थापक बाईंना विचारलं, चांगला हंगाम कोणता? नोव्हेंबर ते एप्रिल. आणि आमच्या सुट्ट्या? मे आणि दिवाळी. दिवाळी कधी त्यांच्या पावसाळ्याच्या शेपटीत येते, कधी हंगामाच्या तोंडावर. मे तर कायमच पावसात.

तिथेच बसून करारातलं पाळीचं पान पुन्हा वाचलं. सहा आठवड्यांपैकी एक आठवडा सर्वोच्च हंगामाचा, दोन चांगल्या हंगामाचे, तीन पावसाळी. नाताळ आणि नववर्षाचा आठवडा आठ हिस्सेदारांत फिरणार, म्हणजे आपला नंबर आठ वर्षांतून एकदा. चांगल्या हंगामातले आठवडे आधी मागेल त्याला, आणि मागणी नोंदवायची ऑनलाइन, ठराविक दिवशी. उरलेले भाड्याने द्यायचे म्हटलं तर वकिलाचं म्हणणं होतं की तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने द्यायला २००४ च्या हॉटेल कायद्याखाली परवाना लागतो, आणि या बंगल्याला तो नाही. भाड्याच्या उत्पन्नाचा जो तक्ता प्रदर्शनात दाखवला होता, तो रोजच्या भाड्यावर बेतलेला होता.

मोटर जळाली तर? एखाद्या हिस्सेदाराने वार्षिक खर्च दिला नाही तर साठ दिवसांनी त्याचे आठवडे बंद, आणि तोपर्यंतची तूट बाकीच्यांत वाटून घ्यायची. हे कलम मला बरं वाटलं, आमच्या विहिरीला असं एखादं असतं तर किती बरं झालं असतं. पण देखभाल करणारी कंपनी बदलायची तर आठांपैकी सहा मतं लागतात. वकिलाने विचारून घेतलं तेव्हा कळलं की तीनच हिस्से विकले गेले होते. पाच हिस्से, म्हणजे पाच मतं, विकणाऱ्याकडेच. आणि देखभाल करणारी कंपनी त्याचीच बहीण कंपनी. दर वर्षी किती वाढ करायची याला करारात मर्यादा नव्हती.

परत आल्यावर जून कागदांत गेला. सीएंनी समजावून सांगितलं ते माझ्या शब्दांत: खरेदीखत किंवा पट्टा थेट तुमच्या नावावर असता तर ती परदेशी स्थावर मालमत्ता. पण तुम्हाला मिळणार आहेत परदेशी, शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे शेअर. ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांत असे शेअर कितीही थोडे घेतले तरी ती थेट परदेशी गुंतवणूक धरली जाते. मग एस ०००५ चालत नाही. पैसे पाठवताना फॉर्म एफसी, रिझर्व्ह बँकेकडून त्या गुंतवणुकीचा यूआयएन हा ओळख क्रमांक, सहा महिन्यांत शेअर मिळाल्याचा पुरावा, आणि दर ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा वार्षिक अहवाल. दहा टक्क्यांपेक्षा कमी हिस्सा असेल आणि कंपनीवर ताबा नसेल तर त्या अहवालातून सूट आहे. आठवा हिस्सा म्हणजे साडेबारा टक्के. नवराबायकोत निम्मे केले तर प्रत्येकी सव्वासहा, मग सूट. सीए हे सांगताना स्वतःच हसले.

त्यांची खरी काळजी वेगळी होती. नियमांत ती परदेशी कंपनी खराखुरा व्यवसाय करणारी असावी लागते, आणि जमीनजुमल्याच्या खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्या कंपनीत रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय पैसे घालता येत नाहीत. नुसता एक पट्टा बाळगणारी आणि मालकांना सुट्टीला जागा देणारी कंपनी यात कुठे बसते? "बँकेकडून लेखी घ्या," असं ते म्हणाले. बँकेत तीन आठवडे फाईल फिरली. तोंडी 'होऊन जाईल' मिळालं, लेखी नाही.

शिवाय दर वर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट, म्हणजे शेड्यूल एफए, भरावं लागतं. त्यात हिशोब आर्थिक वर्षाचा नसून जानेवारी ते डिसेंबरचा असतो. विसरलात तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. पैसे सरळ बँकेतून, कर भरून गेलेले असले तरी.

एका संध्याकाळी लॅब बंद केल्यावर मी कागदावर एका रात्रीचा मुक्काम केवढ्याला पडतो याचा हिशोब मांडला. ५६ लाखांवर एफडीचं सात टक्के व्याज गेलं: वर्षाला ३ लाख ९१ हजार. देखभाल २ लाख ७५ हजार. पट्टा २६ वर्षांत शून्य होणार, म्हणून मुद्दलातले वर्षाला सव्वादोन लाखांच्या आत. एकूण ८ लाख ८० हजारांच्या आसपास. बेचाळीसच्या बेचाळीस रात्री राहिलो तर रात्रीला २१ हजार. पण दुकान, लॅब आणि शाळा सांभाळून आम्ही फार तर दोन आठवडे जाऊ शकतो. मग रात्रीला ६३ हजार, विमानाचं भाडं सोडून. तसाच बंगला त्याच भागात मेमध्ये वीस हजारांच्या आसपास भाड्याने मिळत होता. नाताळात साठ हजार सांगत होते, पण नाताळात आम्हाला आठ वर्षांतून एकदाच जायचं होतं.

नवऱ्याला हा कागद दाखवला. त्याने दोनदा बेरीज तपासली, मग म्हणाला, "तलाव मात्र छान होता."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नकाराचा मेल पाठवला, ९० दिवस पूर्ण व्हायच्या बऱ्याच आधी. त्यानंतर दोन आठवडे दुबईकडे बघून झालं, कारण तिथे ठरवून दिलेल्या भागांत परदेशी माणसाचं नाव थेट मालकी हक्काच्या कागदावर येतं आणि जमीन विभागाची हस्तांतरण फी ४ टक्के असं सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं. पण तिथले छोटे हिस्से विकणारे प्लॅटफॉर्म भाड्याच्या उत्पन्नासाठी आहेत. आपण जाऊन राहायची सोय त्यात नाही. मे २०२५ मध्ये जमीन विभागाने टोकनचा, म्हणजे मालमत्तेचे छोटे डिजिटल हिस्से विकण्याचा, जो प्रयोग सुरू केला तो तर सुरुवातीला तिथलं ओळखपत्र असणाऱ्यांपुरताच होता. आम्हाला हवं होतं ते सुट्टीचं घर, तेव्हा तोही विषय मिटला.

अनामत परत यायला सप्टेंबर उजाडला. मधे दोनदा आठवण करून द्यावी लागली, दोन्ही वेळा मी तो मार्चचा मेल जोडला. सीए सारखे विचारत होते, कारण एलआरएसमधून बाहेर पाठवलेला आणि न वापरलेला पैसा १८० दिवसांत परत आणावा लागतो. पैसे आले ते २,००० नव्हते, मधल्या बँकांनी कापून १,९५० च्या आसपास होते. आमच्या शाखेने मग विचारलं की हे कशाचे. ए-टू फॉर्मची प्रत, स्विफ्टची पावती आणि नकाराचा मेल असं तिन्ही दिल्यावर दोन दिवसांत जमा झाले. स्विफ्टची पावती पैसे पाठवल्याच्या दिवशीच मागून घ्या. नंतर ती काढायला पुन्हा संभाजीनगरला अर्ज जातो.

एकूण खर्च: वकील ७६ हजार, सीए २५ हजार, बँकांचे मिळून दहा-बारा हजार, आणि प्रवास सव्वादोन लाख, जो आम्ही सुट्टीच्या खात्यात धरला. एफडीची मुदत ऑगस्टमध्ये संपली. ठेव विम्याचं कवच एका बँकेत माणशी ५ लाखांपर्यंतच असतं, त्यामुळे सगळी रक्कम एका जागी न ठेवता दोघांच्या नावांनी तीन बँकांत फिरवली आहे. फुकेतच्या वकिलाने मधे मेल करून विचारलं, दुसरा बंगला बघायचा आहे का. नवऱ्याने तो मेल अजून डिलीट केलेला नाही.